बंटी, बबली आणि पाच अंडी

घरात पोपटाची पिल्लं व्हावीत ही हौस भल्याभल्यांना असते. पिंजऱ्यात मडकं टांगलं की झालं, असंच सगळ्यांना वाटतं. दहिसरच्या एका वन-बीएचकेमध्ये ते इतकं सोप्पं निघालं नाही, त्याची ही गोष्ट.

रात्रीचे पावणेदोन. सकाळी अकराला अंधेरीत क्लायंटबरोबर मीटिंग (हो, फ्रीलान्सरलाही क्लायंट असतात!) आणि मी किचनच्या फरशीवर मांडी घालून, मोबाइलच्या उजेडात तीस-पस्तीस ग्रॅमच्या एका जिवाकडे टक लावून बसलेय. बबली पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती. पिसं फुलवून लोकरीच्या गुंड्यासारखी झालेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली, वर-खाली. दाण्याकडे बघत नव्हती. दांडीवर चढत नव्हती.

मागून आई आली. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, ''अगं, अडलीय ती. ऊब दे तिला.''

आईनं आयुष्यात कधी पक्षी पाळलेला नाही. पण दोन बाळंतपणं केलेल्या बाईला जे दोन सेकंदांत कळलं, ते मला मास कॉमची डिग्री आणि तासभर इंटरनेट चाळूनही कळलं नव्हतं. बबलीच्या पोटात अंडं अडकलं होतं.

थांबा, जरा रिवाइंड करूया. म्हणजे माझ्या चुका ओळीनं सांगता येतील.

लव्हबर्ड्स? कुठले लव्हबर्ड्स!

मालाडला आयटीत असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला ऑनसाइट मिळालं. फ्रिज एकाला, गादी दुसऱ्याला आणि पिंजरा माझ्या गळ्यात! ''लव्हबर्ड्स आहेत गं. दोन चमचे दाणे, वाटीभर पाणी. टेन्शन नाही.'' एक हिरवा, एक निळा. जोडी म्हटल्यावर धाकट्या भावानं लगेच नामकरण केलं, बंटी आणि बबली.

आता पहिला फंडा क्लिअर करून घ्या. मुंबईत ज्यांना सर्रास लव्हबर्ड्स म्हणतात, ते बहुतेक वेळा लव्हबर्ड्स नसतातच. अंगावर लाटांसारखे काळे पट्टे, लांब शेपटी आणि गालावर निळसर ठिपका असलेला तो चिमणीएवढा पोपट म्हणजे बजरीगर. दुकानदाराच्या भाषेत नुसता 'बजी'. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. खरे लव्हबर्ड्स आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, जाड चोचीचे आणि स्वभावानं बऱ्यापैकी भांडकुदळ. आणि तुरेवाला, गालावर शेंदरी टिकली लावल्यासारखा दिसतो तो कॉकाटिल. त्याला आपल्याकडे अर्धी जनता 'कॉकटेल' म्हणते. त्यामुळे ''आमच्याकडे कॉकटेलची जोडी आहे'' असं शेजारच्या काकूंनी सांगितलं तर चखणा घेऊन जाऊ नका.

तर जोडी. जूनमध्ये पिंजरा आला, जुलैत आम्ही त्यात मडकं टांगलं. मडकं म्हणजे तेच, पोटाला गोल भोक पाडलेलं, कुंभाराच्या चाकावरचं छोटं मातीचं मडकं. क्रॉफर्ड मार्केटपासून बोरिवलीच्या गल्लीतल्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतं. भाऊ रोज सकाळी ब्रश तोंडात धरून मडक्यात डोकावायचा. श्रावण गेला, गणपती आले, गणपती गेले. मडकं रिकामंच.

शेवटी ओळखीच्या ओळखीतून बोरिवलीचे एक काका भेटले. रिटायर्ड माणूस, गच्चीवर जाळीची खोली आणि त्यात पस्तीस-चाळीस पक्षी. मी मोबाइलवर फोटो दाखवला. काका फोटो बघून इतके हसले, इतके हसले की काकूंना आतून पाणी आणावं लागलं. ''बाळा, हे दोन्ही बाप्ये आहेत!''

चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जो मांसल भाग असतो ना, तो बघायचा. वयात आलेल्या नराचा निळा. मादीचा फिक्कट किंवा तपकिरी, आणि अंड्यावर यायच्या वेळी चांगलाच गडद, खरखरीत तपकिरी. (पांढऱ्या आणि पूर्ण पिवळ्या पक्ष्यांमध्ये मात्र नराचाही गुलाबी-जांभळा राहतो, तिथे फसायला होतं.) आणि बजीमध्ये हे निदान दिसतं तरी. आफ्रिकन ग्रेसारख्या मोठ्या पोपटांत वरून काही म्हणजे काही कळत नाही, तिथे पीस उपटून डीएनए टेस्ट करतात. आमच्याकडे चार महिने बंटी आणि बंटी सुखानं संसार करत होते.

दुसरी चूक, आणि ही माझी

काकांनी आमचा निळा बंटी ठेवून घेतला आणि बदल्यात एक पिवळी मादी दिली. वर तीन गोष्टी बजावल्या. एक, महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात, वेगळ्या खोलीत. नवा पक्षी काय घेऊन आलाय ते लगेच दिसत नाही. दोन, ही आत्ता सहा महिन्यांची आहे, वर्षाची झाल्याशिवाय मडकं लावू नकोस. तीन, घाई करू नकोस.

पहिली गोष्ट मी अगदी शहाण्या मुलीसारखी पाळली. वन-बीएचकेमध्ये 'वेगळी खोली' म्हणजे बाथरूमच्या बाहेरचा पॅसेज, पण पाळली. महिन्यानं दोघांना एकत्र केलं तर काय विचारता! बंटी मान हलवतोय, चोचीत चोच घालून तिला दाणे भरवतोय, पिंजऱ्याच्या दांडीवर टकटक करतोय. आम्ही सगळे टीव्ही बंद करून तेच बघायचो. मला राहवलं नाही. मी मडकं टांगलं.

बबली सात महिन्यांची होती. मडकं लागलं की मादीच्या शरीराला सिग्नल जातो, घर मिळालंय, अंडी घाल. अंडं बाहेर ढकलायची ताकद त्या वयात तयार झालेली असेलच असं नाही. त्यात आम्ही दुकानातून आणलेला नुसता राळा घालत होतो. एका अंड्याच्या कवचाला जेवढं कॅल्शियम लागतं, ते कुठून येणार? पिंजऱ्यात समुद्रफेस नव्हता, उकडलेलं अंडं नव्हतं, पालेभाजी आठवेल तेव्हा. आणि महिना डिसेंबरचा. मुंबईत थंडी नाही म्हणणाऱ्यांनी एकदा दहिसर पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुशीत असलेल्या बिल्डिंगमध्ये डिसेंबरची पहाट काढून बघावी. कोवळं वय, कमी कॅल्शियम आणि गारठा. अंडं अडकायला जे जे लागतं ते सगळं मी व्यवस्थित जमवून ठेवलं होतं.

त्या रात्री आईनं शेकायची पिशवी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि पिंजऱ्याला लावली. मी टेबल-लॅम्पचा पिवळा बल्ब एका बाजूनं लावला, म्हणजे तिला गरम वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल. गरम पाण्याचं पातेलं शेजारी ठेवलं, वाफ राहावी म्हणून. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की तेल लावून पोट हलकेच दाबावं. नशीब, ते मी केलं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आत अंडं फुटलं की विषय संपला.

सकाळी आठला रिक्षा. बुटांचा खोका, त्यात टॉवेल, टॉवेलात बबली, आणि एस. व्ही. रोडचा ट्रॅफिक. मुंबईत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर शोधायला लागत नाहीत, पक्षी हातात घेणारे मात्र शोधावे लागतात. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय सगळ्यांना ठाऊक असतं, पण दहिसरहून परळ म्हणजे त्या अवस्थेत बबलीसाठी परदेशवारीच. काकांनी फोनवरून बोरिवलीतले एक डॉक्टर सुचवले. त्यांनी बबलीला हातात घेतलं, पोटाला बोट लावलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि उबेच्या पेटीत ठेवलं. मग माझ्याकडे वळले.

''वय काय हिचं?''

''सात महिने.''

''मॅडम, बालविवाह लावलात तुम्ही हिचा.''

मी काय बोलणार? दुपारी बाराच्या सुमारास अंडं पडलं. मऊ कवचाचं, हाताला रबरासारखं लागणारं. बबली वाचली. क्लायंटला मी मेसेज केला होता, 'फॅमिली इमर्जन्सी'. तो खोटा होता असं मला अजूनही वाटत नाही.

दहा महिने नुसतं थांबायचं

मडकं काढून माळ्यावर टाकलं. डॉक्टर आणि काका, दोघांनी मिळून आमचं किचन बदललं. बजीचं जेवण म्हणजे नुसता राळा नाही. राळ्याबरोबर बाजरी, थोडे सोललेले ओट्स, रोज धुतलेली पालक किंवा मेथी, कोथिंबिरीची काडी, गाजराचा कीस, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून. समुद्रफेस कायमचा टांगलेला. अवोकॅडो आणि चॉकलेट मात्र चुकूनही नाही, पोपटांना ते विष आहे. आणि सगळ्यात मोठा धक्का, आमचा नॉनस्टिक तवा! रिकामा तवा गॅसवर विसरला, तो अति तापला, की त्यातून निघणाऱ्या वाफेनं आपल्याला फार तर खोकला येतो, पक्षी मिनिटांत मरतो. वन-बीएचकेमध्ये किचन आणि पिंजरा यांच्यात अंतर किती? आईनं दुसऱ्या दिवशी बिडाचा तवा बाहेर काढला. आंबोळ्या तेव्हापासून जास्त चांगल्या होतात, ही बोनस माहिती.

पावसाळ्यात दाण्याला बुरशी धरते, म्हणून एका वेळी पाव किलोच आणायचा आणि डब्यात घट्ट बंद. मे महिन्यात जोडी लावायची नाही, उकाड्यात मडक्याच्या आत भट्टी होते. ऑक्टोबर हीट उतरू द्यायची. आणि दिवाळी? काका म्हणाले, ''दिवाळीत अंडी नकोतच. खाली सुतळी बॉम्ब फुटला की मादी दचकून उडते, पायाखाली अंडी फुटतात.'' म्हणून आम्ही दिवाळीही जाऊ दिली. तोवर बबली दीड वर्षाची झाली होती. नाकावरचा भाग छान चॉकलेटी. वजन किचनच्या काट्यावर ३८ ग्रॅम. ऑफिसमध्ये कोणी वजन विचारलं तर रागावणारी मी, हिचं वजन वहीत लिहून ठेवत होते.

मडक्याऐवजी या वेळी लाकडी पेटी आणली. पेटीच्या तळाला मध्यभागी वाटीसारखा खोलगट भाग असतो, त्यानं अंडी घरंगळत नाहीत आणि पिल्लांचे पाय फाकत नाहीत. सपाट, गुळगुळीत तळावर वाढलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना पसरतात आणि ते कधीच नीट उभं राहत नाही. मडकं वाईट असं नाही, पण पेटीचं झाकण उघडून रोज आत बघता येतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तेच हवं असतं.

दहाव्या दिवशी पहिलं अंडं. मग एक दिवस आड करून पाच. पांढरीशुभ्र, बोटाच्या पेराएवढी. बजीमध्ये अंड्यावर बसते फक्त मादी. नर बाहेरून दाणे आणून तिला भरवतो. कॉकाटिलमध्ये मात्र दोघांची शिफ्ट ड्युटी, साधारणपणे दिवसा बाबा, रात्री आई. हे ऐकून माझ्या लग्न झालेल्या मैत्रिणीनं जो उसासा टाकला, तो इथे छापता येणार नाही.

आठवड्यानं मोबाइलचा टॉर्च अंड्यामागे धरून बघितलं. चार अंड्यांत लाल, केसासारख्या शिरांचं जाळं. एक नुसतं पिवळट, रिकामं. चारातल्या एकाच्या शिरा पुढच्या आठवड्यात विझल्या. म्हणजे उरली तीन. बजीचं अंडं साधारण अठरा दिवसांत फुटतं. अठराव्या दिवशी, मी बोरिवली स्टेशनला विरार लोकलमधून उतरण्यासाठी धक्के खात असताना, भावाचा मेसेज आला. 'बाहेर आलं. भयंकर दिसतंय.'

खरंच भयंकर दिसतं. गुलाबी, आंधळं, पिसाचा पत्ता नाही, अंगापेक्षा डोकं जड. पण आवाज! एवढ्याशा पेटीतून बारीक चिर्रचिर्र, आणि बबली त्याला उलटं करून, चोचीत चोच अडकवून भरवतेय. गळ्याखालची पिशवी टम्म फुगली की समजायचं पोट भरलं. रोज सकाळी तेच बघायचं. भरलेली पिशवी म्हणजे ऑल इज वेल.

अंडी एक दिवस आड घातलेली, म्हणून पिल्लंही एक दिवस आड. पहिलं आणि तिसरं यांच्यात सहा दिवसांचा फरक, कारण मधलं अंडं विझलेलं. सहा दिवस म्हणजे आपल्याला काहीच नाही. तिथे मोठं पिल्लू धाकट्याच्या चौपट होतं. मोठी मान वर करून ओरडतात, धाकटं खाली दबतं. तिसऱ्या दिवशी धाकट्याची पिशवी अर्धीच भरलेली दिसली. काकांना फोन केला. ते म्हणाले, दुसरी जोडी असती तर तिच्या पेटीत सरकवलं असतं. मी हातानं भरवू का? ''शिकल्याशिवाय नको. एक थेंब श्वासनळीत गेला तर तिथेच संपेल.'' डॉक्टर दुपारी बघणार होते. सकाळी साडेदहाला मी पेटी उघडली तेव्हा ते हललं नाही.

भावानं ते मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. तो एकवीस वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगला आहे, कुणाला सांगू नको म्हणालाय.

उरलेली दोन वाढली. दहाव्या दिवशी डोळे उघडले, मग अंगावर टोकदार नळ्या फुटल्या, नळ्यांतून पिसं. एक हिरवं, एक पिवळं. पस्तिसाव्या दिवशी हिरव्यानं पेटीबाहेर उडी मारली आणि थेट पाण्याच्या वाटीत. बबली लगेच पुन्हा अंड्यावर यायची चिन्हं दिसायला लागली, तेव्हा पेटी काढून घेतली. वर्षाला दोन खेपा, त्याहून जास्त नाहीच, आणि आमच्यासाठी एकच पुरे.

एक मजेदार गोष्ट इथे सांगायलाच हवी. व्हेनेझुएलातल्या हिरव्या रानपोपटांवर २०११ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं. घरट्यांत कॅमेरे लावून संशोधकांनी बघितलं की प्रत्येक पिल्लाला हाक मारायचा एक वेगळा आवाज असतो, आणि तो पिल्लू आई-बापांकडून शिकतं. म्हणजे पोपटांत आई-बाप पोरांना चक्क नावं ठेवतात. आपल्याकडेही ठेवतात, फक्त अर्थ वेगळा.

मिठूचं लग्न

आता खरी अडचण. आमच्या बिल्डिंगमध्ये (कुठली ते विचारू नका) एक आजी राहतात. त्यांच्याकडे चौदा वर्षांपासून मिठू आहे. हिरवागार, लाल चोचीचा, गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असलेला आपला अस्सल देशी पोपट. आमच्याकडे पिल्लं झाल्याची बातमी पहिल्या मजल्यावर पोचली आणि आजी काठी टेकत वर आल्या.

''अगं, आमच्या मिठूचंही बघ की काहीतरी. चौदा वर्षं एकटा आहे बिचारा. तुझ्या बबलीची एखादी बहीण नाही का?''

''आजी, बबली ऑस्ट्रेलियाची आहे.''

''मग काय झालं? आमच्या धाकट्याची बायको कॅनडाची आहे.''

यावर हसून विषय बदलता आला असता. पण मी तोवर हा लेख लिहायला घेतला होता, कायदे वाचले होते, आणि गप्प बसवेना.

कंठवाला पोपट, मोठा पहाडी पोपट, लाल-जांभळ्या डोक्याचा तुईया, हे सगळे देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, कंठवाला पोपट अनुसूची दोनमध्ये गेला. पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घरी जोडी लावायचा तर प्रश्नच नाही. आणि हा कायदा उगीच नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हे पोपट झाडांच्या ढोलीत पिल्लं घालतात, आणि त्याच काळात ढोलीतून पिल्लं काढून पिशव्यांत भरून शहरात आणली जातात. त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. स्टेशनच्या पुलाखाली कुणी कानाशी येऊन 'तोता चाहिये?' म्हणतो, तो त्याच साखळीचा शेवटचा माणूस.

गंमत बघा. हाच आपला पोपट पिंजऱ्यातून सुटून लंडनच्या बागांत आज हजारोंनी नांदतोय.

मग बजी कसे चालतात? पोपटांच्या जवळपास सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात आहेत. फक्त चार जाती त्या यादीबाहेर आहेत: बजरीगर, कॉकाटिल, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि आपला कंठवाला पोपट. त्यातला कंठवाला इथे देशी कायद्यात अडकतो. उरले तीन, ते सरळ पाळता येतात. बाकी परदेशी पोपट, म्हणजे सन कोन्यूर, मकाव, काकाकुवा, इतर लव्हबर्ड्स, यांची नोंद वनखात्याकडे करावी लागते. त्यासाठी २०२४ साली नियम आले. परिवेश पोर्टलवर पक्षी मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज, आणि पिल्लू जन्मलं, पक्षी दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवायचं. आफ्रिकन ग्रे तर २०१६ च्या साइट्स बैठकीत सगळ्यात कडक यादीत गेला, त्याची पिल्लं काढायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवानाच लागतो. इन्स्टाग्रामवर 'टेम ग्रे बेबी, होम डिलिव्हरी' बघून हुरळून जाणाऱ्या माझ्या तमाम मित्रमंडळींनी हे परत एकदा वाचावं. आणि हो, पिल्लं विकायला बसलात तर २०१८ चे पेट शॉपचे नियम आहेतच. म्हणून आम्ही विकलं नाही. पिवळं पिल्लू मीरा रोडच्या मैत्रिणीकडे गेलं, तेही स्थळ बघावं तसं घर बघून. पंख्याला जाळी आहे का, मांजर आहे का, नॉनस्टिक आहे का. हिरवं भावानं ठेवून घेतलं.

पिंजराच मुळात बरोबर का, हा प्रश्न माझ्याही मनात येतो. २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं होतं की पक्ष्यांना आकाशात उडायचा हक्क आहे. आमच्या खिडकीसमोरून संध्याकाळी सहा-सव्वासहाला रानपोपटांचे थवे ओरडत पार्काच्या दिशेनं जातात, तेव्हा बंटी मान तिरकी करून ऐकतो. आम्ही रोज तासभर खिडक्या लावून, पंखा बंद करून त्यांना घरात सोडतो. ते पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही.

आजींना हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ''सोडून देऊ का त्याला? पार्क तर समोर आहे.''

तेही करायचं नाही. चौदा वर्षं हातातून डाळ खाल्लेला पोपट पार्कात दोन दिवस टिकणार नाही. त्याला उडायची ताकद नाही, दाणा शोधायचा माहीत नाही, घारीची भीती नाही. रीतसर मार्ग एकच, वनखात्याला कळवून पक्षी त्यांच्या ताब्यात द्यायचा. हेल्पलाइनचा नंबर आहे १९२६. मी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. आजींनी कागद देवघरात, समईखाली ठेवला.

दोन दिवसांनी त्यांनी मला खाली बोलावलं. ''तुझ्या फोनमध्ये आवाज धरता येतो ना?'' पिंजऱ्यावरचं कापड त्यांनी बाजूला केलं, हिरवी मिरची पुढे धरली आणि आम्ही वाट बघत बसलो. मिठू शिट्टी वाजवत राहिला, कुकरची नक्कल केली, दारावरच्या बेलची केली. आजी म्हणाल्या, थांब, चारच्या आसपास बोलतो. चार वाजून गेले. मग एकदम, खोल, घोगऱ्या, दम्याचा खोकला मध्ये असलेल्या पुरुषी आवाजात मिठू म्हणाला, ''अगं ए, चहा टाक.''

आजोबा जाऊन सहा वर्षं झाली.

रेकॉर्डिंग अठ्ठावीस सेकंदांचं आहे. आजींच्या फोनवर मी ते पाठवलं, मुलाच्या फोनवर पाठवलं, आणि एक कॉपी माझ्याकडे ठेवली, हरवलं तर असावं म्हणून. समईखालचा कागद अजून तिथेच आहे. आजी म्हणाल्या, ''फोन मीच करेन. रविवारी लेक येतो, तो असला की.''